घाटाखालचे पदवीधर

अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यात आहेत असं सांगितलं की जिल्ह्याच्या गावातली माणसंसुद्धा जरा थबकतात. नाव अजिंठ्याचं, आणि ते गाव घाटावर, सिल्लोड तालुक्यात. लेणी मात्र घाटाखाली, वाघूर नदीच्या वळणावर, आमच्या लेणापूरच्या शिवारात. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात तिथे पोचला. तेव्हापासून दोनशे वर्षं जगभरचे लोक इथे येतात, मोजमापं घेतात आणि विद्वान होऊन परत जातात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक 2019 मध्ये वारले. त्यांनी आयुष्यातली कितीतरी दशकं या एका डोंगरावर घालवली आणि खंडामागून खंड लिहिले.

आणि आमची पोरं फर्दापूरच्या तिठ्यावर रंगीत दगड न् माळा विकतात. इंग्रजी, हिंदी आणि कामापुरती जपानी बोलून भाव सांगतात. त्यातल्याच एकाने मला एकदा विचारलं होतं, "सर, पीएच.डी. म्हणजे ते लेणीत वही घेऊन बसतात, तेच ना?" पीएच.डी. करणारी माणसं त्याने लहानपणापासून पाहिलेली होती. तिथवर जायचं कसं, हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं.

मी पेशाने ग्रंथपाल. चौतीस वर्षं एका कॉलेजात पुस्तकं दिली-घेतली, आता गावात एक अभ्यासिका सांभाळतो. घरातला पहिला पदवीधर बी.ए.पर्यंत कसा पोचतो यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. बी.ए.नंतर त्याचं काय होतं, त्याला पुढची पायरी कोण दाखवतं, याचा इतिहास कोणी लिहीत बसत नाही. माझ्यापुरता तो इथे मांडतो.

सोयगावचं दुखणं भूगोलापासून सुरू होतं. निजामाच्या राज्यात आम्ही होतो आणि पाच-सहा कोसांवरची शेंदुर्णी ब्रिटिश मुलखात. कापूस त्या बाजूला विकायचा, सोयरिकी त्या बाजूच्या, बोलणंही खानदेशी वळणाचं. कागदपत्रं मात्र घाट चढून औरंगाबादला जायची. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, माध्यम उर्दू. औरंगाबादला 1923 मध्ये इंटरमीजिएट कॉलेज आलं. उर्दूचे मोठे पंडित मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. उस्मानियाबद्दल माझ्या मनात अढी नाही. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तेवढा मोठा प्रयोग तेव्हा दुसरीकडे कुठे चालला होता? फक्त ती भाषा कापूस वेचणाऱ्याच्या घरातली नव्हती. इंटर झाल्यावर बी.ए.ला हैदराबाद गाठायचं, म्हणजे रात्रभर मीटरगेजच्या डब्यात बसून जायचं. आमच्या वाडीतून त्या गाडीत कोण बसलं असेल? माझ्या वडिलांच्या तोंडून तरी मी एकही नाव ऐकलं नाही.

घरातून पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्याला पुढची पायरी कोण दाखवतं, याची महाराष्ट्रातली सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट मुंबईतली आहे. ती आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि तिचा नेमका भाग विसरतो. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. सत्कारात कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते आधीचं आणि नंतरचं. आधी चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलाची गुरुजींनी चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तकं दिली. नंतर पुढच्या शिक्षणाला पैसे कमी पडायला लागले तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द पोचवला. महाराजांनी महिना पंचवीस रुपये मंजूर केले. पदवी झाल्यावर 1913 मध्ये बडोदे सरकारची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं नोकरीचा करार. पैसे महाराजांचे होते हे खरंच. पण महाराजांच्या दारापर्यंतची वाट माहीत असलेला माणूस म्हणजे केळुसकर. मी अभ्यासिकेत पोरांना हेच सांगतो, की बडोद्याचे महाराज सगळे लक्षात ठेवतात, बागेतला मास्तर विसरतात.

आंबेडकर स्वतः तो मास्तर विसरले नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडून तरतूद करून घेतली. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिलाच पुढे वसतिगृहातली पोरं 'जीओआय' म्हणू लागली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि जून 1950 मध्ये औरंगाबादच्या छावणीत आमच्यासाठी कॉलेज. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याच्या इमारतीची कोनशिला बसवली. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारून भल्याभल्यांना निरुत्तर करणारा राजा आणि त्याला उत्तरं देणारा भिक्खू. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव द्यायचं, ही कल्पना मला अजूनही आवडते. म. भि. चिटणीस पहिल्यापासून प्राचार्य होते. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये शिवाजी कॉलेज काढून कमवा आणि शिका हे सूत्र कॉलेजात नेलं, कोल्हापुरात शाहू महाराजांची बोर्डिंगं त्याही आधीची. मराठवाड्याला हे सगळं उशिरा आलं, पण आलं ते एकदम: कॉलेज, खोली, मेस आणि वाचनालय एकाच कुंपणात.

हे कुंपणच फार महत्त्वाचं होतं. मी तिथे 1980 साली पोचलो.

दहावी 1978 ची. 27 जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या घरातल्यांनी ठरवलं की पोरगं घाट चढून जायचं नाही. म्हणून अकरावी-बारावी शेंदुर्णीला केली, सायकलने जाऊन-येऊन. वडील सालगडी, मी अनुसूचित जातीचा. बारावी झाल्यावर मात्र मीच हट्ट धरला. पत्र्याची ट्रंक एस.टी.च्या टपावर टाकली. फर्दापूर, मग घाट, अजिंठा, सिल्लोड, फुलंब्री. ट्रंकेत दोन सदरे, आईने दिलेला भाकरीचा चुरमा आणि नापास झालो तर परत यायला वेगळे बांधलेले पैसे. बी.ए. होईपर्यंत ते पैसे मी उघडले नाहीत. गाडीभाडं वाढत गेलं आणि शेवटी ते परतीलाही पुरले नसते, ही गोष्ट निराळी.

वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघे. जीओआय कधीच वेळेवर आली नाही. यायची ती मार्चच्या तोंडावर, एकरकमी, आणि मेसवाल्याकडे जाऊन संपायची. पण खोलीला दुसरी एक गोष्ट चिकटलेली होती. शेजारच्या खोलीत एम.ए.चा मुलगा राहायचा, त्याच्या पलीकडे एम.एस्सी.चा. प्रवेशाच्या तारखा भिंतीवर कोळशाने लिहिलेल्या असायच्या. नेट-सेटचा जमाना अजून यायचा होता, पण कुठल्या विभागात कोण गाईड आहे, कोणता विषय घेतला तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं सापडतात, कोणाचा प्रबंध टंकलेखकाकडे पडून आहे, हे सगळं दात घासताना कानावर पडायचं. याच आवारात म. ना. वानखडे प्राचार्य होऊन गेले होते. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते परत इथेच आले. गंगाधर पानतावणे आधी इथे शिकवायचे, पुढे विद्यापीठात गेले. त्यांचं 'अस्मितादर्श' इथल्याच हवेत वाढलं. मी आलो तेव्हा वानखडे जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी रात्री मेसमध्ये बसून पोरं असं बोलायची, जणू फ्लोरिडा हे क्रांती चौकाच्या पलीकडचं एखादं गाव आहे. माणूस जिथून जाऊन परत येतो ते ठिकाण लांब वाटत नाही.

एवढं असूनही माझं एक वर्ष बुडालंच.

1983 मध्ये बी.ए. झालो आणि उन्हाळ्यात घरी आलो. एकाधिकार कापूस खरेदीच्या केंद्रावर वजनं लिहायला लागलो. एम.ए.चा अर्ज शेवटच्या दिवशी एका कचेरीत नेऊन दिला. खिडकीतल्या माणसाने गुणपत्रिकेची नक्कल उलटीपालटी केली, म्हणाला, "अटेस्टेड नाही." मला शब्द कळला, अर्थ कळला नाही. गॅझेटेड ऑफिसरची सही आणि शिक्का पाहिजे, दुपारी चारच्या आत. त्या शहरात मी तीन वर्षं राहिलो होतो, पण एकही गॅझेटेड ऑफिसर ओळखत नव्हतो. एका दवाखान्याबाहेर तासभर उभा राहिलो. साहेब जेवायला गेले होते. चार वाजले, खिडकी बंद झाली. ज्याच्या चुलत्याच्या खिशातच शिक्का असतो त्याला हे नियम दिसतही नाहीत. आम्हाला ते भिंतीसारखे लागायचे. अर्जदाराच्या स्वतःच्या सहीची नक्कल चालवून घ्यायला सरकारने पुढे तीस वर्षं घेतली.

पुढच्या वर्षी आमच्या एका सरांना हे कळलं. त्यांनी फक्त "गाढवा" म्हटलं आणि ओळखीच्या एका डॉक्टरांकडे पंधरा नकला एकदम पाठवून शिक्के मारून आणले. पंधराच्या पंधरा. सहा वापरल्या, उरलेल्या अजून माझ्याकडे आहेत. गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात प्रूफं वाचून मी एम.ए.चा खर्च भागवला, मग ग्रंथालयशास्त्र केलं आणि नोकरीला लागलो.

नव्वदीनंतर गोष्ट बदलली. तालुक्यातालुक्याला कॉलेजं निघाली, सोयगावातही आलं. मुलींसाठी हे फार मोठं काम झालं, यात वादच नाही. ज्या घरातून पोरीला फर्दापूरच्या पुढे पाठवलं नसतं, त्या घरात बी.ए. झालेल्या सुना आल्या. पण माझं एक म्हणणं आहे आणि ते अनेकांना आवडत नाही: कॉलेज जवळ आलं आणि विद्यापीठ लांब गेलं. मुलगा सकाळी गाडीवर जातो, दोन तास बसतो, दुपारी शेतात असतो. पदवी मिळते. शेजारच्या खोलीतला एम.ए.वाला मिळत नाही, भिंतीवरची तारीख मिळत नाही, दात घासताना कानावर काही पडत नाही. आमच्या तालुक्याला जळगाव जवळ, पण तिथलं विद्यापीठ वेगळं. आमचं विद्यापीठ घाटावर, शंभर किलोमीटरच्या पुढे. 14 जानेवारी 1994 ला त्याला बाबासाहेबांचं नाव मिळालं तेव्हा मी रडलो होतो. त्यानंतर दरवर्षी मोजत आलोय की आमच्या भागातून त्या फाटकातून एम.ए.ला किती जण आत जातात. बोटं पुरतात.

योजना नाहीत असं नाही. 2016-17 पासून स्वाधार आहे. ज्यांना वसतिगृह मिळालं नाही अशा अनुसूचित जातींच्या मुलांच्या खात्यात राहण्या-जेवणाचे पैसे येतात. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्था आहेत, त्यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहूंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट एका संकेतस्थळावर आहे आणि संकेतस्थळ बागेत येऊन चौकशी करत नाही.

अमेरिकेत यावर एक उपाय काढलेला आहे. त्याची माहिती मला ग्रंथपाल म्हणून मिळाली. दक्षिण कॅरोलिनातल्या लेक सिटी गावात 1959 साली नऊ वर्षांचा एक काळा मुलगा सार्वजनिक ग्रंथालयात गेला. ग्रंथपाल बाईंनी पुस्तकं द्यायला नकार दिला आणि पोलिसांना फोन केला. पोरगं काउंटरवर बसून राहिलं. पोलीस आले, आई आली, शेवटी पुस्तकं मिळाली. तो रोनाल्ड मॅकनेर. बाप मोटारी दुरुस्त करायचा, मुलगा एम.आय.टी.तून भौतिकशास्त्रात डॉक्टर झाला, अंतराळात गेला आणि 1986 च्या चॅलेंजर अपघातात गेला. त्याच्या नावाने तिथल्या सरकारने घरातल्या पहिल्या पदवीधरांना पीएच.डी.साठी तयार करणारी योजना सुरू केली: पदवीला असतानाच प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन, अर्ज कसा लिहायचा त्याचं शिक्षण, शिफारसपत्रं. ते ग्रंथालय आता मॅकनेरचं स्मारक आहे. आमच्या धंद्यातल्या त्या बाईंनी एवढं तरी करून ठेवलं.

आपल्याकडे सरकारने हे काम केलं नाही, पण पोरांनी सुरू केलंय. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे स्वतः घरातले पहिले शिकलेले. त्यांनी 2017 मध्ये यवतमाळला एकलव्य ही संस्था काढली. पुढे ते स्वतः चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन आले. एकलव्यची पोरं गावोगावच्या कॉलेजांत जाऊन सांगतात की टिस म्हणजे काय, अझीम प्रेमजी विद्यापीठ काय, प्रवेशपरीक्षा कधी असते, मुलाखतीत काय विचारतात. केंद्र्यांचा बुलढाणा जिल्हा आमच्या सीमेलाच लागून आहे. डोंगराच्या त्या बाजूला हे जमतं तर या बाजूला का नाही, असं वाटून मी अभ्यासिकेत मंगळवारची संध्याकाळ बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी राखून ठेवली.

पहिल्या मंगळवारी तिघे आले. त्यात बंजारा तांड्यावरची एक मुलगी होती. 2022 मध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी नावाची देशपातळीवरची परीक्षा सुरू झाली होती, तिला ती द्यायची होती. आम्ही दोघांनी मोबाईलवर अर्ज भरला. जातीच्या रकान्यात ती इतर मागास झाली, कारण महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातीत असले तरी केंद्राच्या यादीत ते ओबीसी आहेत. इथवर मला ठाऊक होतं. पण दाखला आम्ही जोडला तो राज्याचा, विजा-अ चा. केंद्राला स्वतःच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा वेगळा दाखला लागतो. परीक्षेत गुण बरे होते, कागदात अर्ज बाद झाला. ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांनी अटेस्टेडच्या खिडकीसमोर मी पुन्हा उभा होतो, आणि या वेळी खिडकीच्या आतल्या बाजूला.

दुसऱ्या वर्षी दाखला आधी काढला. सेतू केंद्रात तीन खेपा झाल्या. मग दुसऱ्या एका विद्यापीठासाठी स्वतःविषयी एक पान लिहायचं होतं, हा विषय का शिकायचा म्हणून. तिने लिहून आणलं, "मला लहानपणापासून शिक्षणाची आवड आहे. शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे." मी म्हटलं, पोरी, हे तर प्रत्येकाने लिहिलेलं असणार. तू दिवाळीनंतर काय करतेस? ती म्हणाली, याडी-बा ऊसतोडीला जातात, सुट्टीत मी पण जाते. तिथे काय करतेस? मोळ्या बांधते. आणि? जरा वेळाने म्हणाली, वही लिहिते. कसली वही? मुकादमाकडून किती उचल घेतली, रोज किती टन गेले, कोयत्यामागे किती फिटलं. बाला लिहिता येत नाही म्हणून आठवीपासून ती लिहीत होती. याडी म्हणजे आई आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. दुसऱ्या मंगळवारी ती वही घेऊन आली. लाल पुठ्ठ्याची, कडेला उसाचा रस लागून पानं चिकटलेली. एका वर्षी सबंध हंगाम जाऊनही उचल फिटली नव्हती. त्या पानावर तिने बेरीज तीनदा केली होती.

ते पान तिने इंग्रजीत लिहिलं. मी फक्त क्रियापदं सुधारली.

शिफारसपत्राचा प्रश्न वेगळाच होता. तिच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे सगळीकडे चालतं. त्यांनाही त्यांच्या वेळी कोणी लिहून दाखवलं नव्हतं. मग मी माझी जुनी फाईल काढली. माझ्या सरांनी 1984 साली माझ्यासाठी लिहिलेलं पत्र त्यात कार्बन कॉपीत आहे. निळी अक्षरं पुसट झालीत, पण दीड पानात त्यांनी माझ्या एका ट्यूटोरियलबद्दल लिहिलं होतं, नुसती स्तुती केली नव्हती. ते पत्र प्राध्यापकांना वाचायला दिलं. त्यांनी दोन दिवसांनी स्वतः बसून लिहिलं आणि चांगलं लिहिलं.

ती आता एम.ए. करते आहे, घाटावरच्याही पुढे, लांब. मंगळवारी आता नऊ जण येतात. दोघांना अजिंठ्याचीच लेणी शिकायची आहेत, पुरातत्त्व. त्यांना काय सांगायचं, कुठे अर्ज करायचा, हे मी सध्या शिकतोय.

म्हणून एक मागणं आहे. सोयगाव, बनोटी, सावळदबारा, फर्दापूर या पट्ट्यातून बी.ए., बी.एस्सी.च्या पुढे जे कोणी गेले असतील, त्यांनी आपले जुने अर्ज, स्वतःविषयी लिहिलेली पानं, शिफारसपत्रांच्या नकला रद्दीत घालू नयेत. मंजूर झालेले आणि नामंजूर झालेले, दोन्ही चालतील. अभ्यासिकेत आणून द्या. फाईल मोठी आहे, जागा आहे.